गंगाथडीतले द्वैत आणि अद्वैत

परभणी जिल्ह्यातले सोनपेठ गोदावरीच्या दक्षिणेला आहे. पूर्वेला जनाबाईंचे गंगाखेड, दक्षिणेला परळी वैजनाथ आणि परळीच्या पुढे मुकुंदराज व दासोपंतांचे अंबाजोगाई. जीव आणि ब्रह्म एकच की वेगळे, या प्रश्नाची निदान चार निरनिराळी उत्तरे या टापूत नांदली, आणि तीही मराठीतून. सगळे जीव मुळात एकच आहेत असे मानणारा माणूस उच्चनीचपणा मानणार नाही, त्यामुळे अद्वैत म्हणजे समतेचे तत्त्वज्ञान, असे आपण आता सहज धरून चालतो. या भागाचा इतिहास मात्र जवळजवळ उलटी साक्ष देतो.

मुकुंदराजांचा ‘विवेकसिंधु’ शके १११०चा, म्हणजे ११८८चा मानला जातो. तो शांकर अद्वैत मराठीत आणतो. त्याच्या काळाबद्दल वाद आहे. स्थळाबद्दलही आहे, कारण वैनगंगेकाठचे आंभोरेही मुकुंदराजांवर हक्क सांगते. पण ग्रंथ अंबाजोगाईचा नसला तरी मुद्दा बदलत नाही. दासोपंत (१५५१–१६१५) तर निर्विवाद अंबाजोगाईचे, आणि पंचीकरणासारखा वेदान्ताचा रूक्ष विषय त्यांनी लांबलचक पासोडीवर ओव्या आणि आकृत्यांनी मांडला. कापडावर वेदान्त लिहिण्याची हौस दुसऱ्या कुणाला झाली असेल असे वाटत नाही! ज्ञान मराठीत उतरले, ही दोघांची कामगिरी मोठीच. तरीही ऐकणाऱ्याची जात, त्याचे सोवळे, त्याचा अधिकार यांना या अद्वैताने हात लावला नाही, आणि याचे कारण सिद्धान्तातच आहे. शंकराचार्यांनी परमार्थ आणि व्यवहार अशा दोन पातळ्या मानल्या. परमार्थात भेद खोटा ठरला की व्यवहारातला भेद मोडण्याची निकड उरत नाही. जो मुळात खराच नाही, त्याच्याशी भांडायचे कशाला? ब्रह्मसूत्रांच्या पहिल्या अध्यायातल्या अपशूद्राधिकरणावर भाष्य करताना खुद्द शंकराचार्य शूद्राला वेदाध्ययनपूर्वक ब्रह्मविद्येचा अधिकार नाकारतात. ब्रह्म एक आणि अधिकारी निराळे, यात त्यांना विसंगती दिसत नाही.

आता महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींकडे पाहावे. महानुभाव मतात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ अनादी आणि परस्परांहून वेगळे आहेत. मोक्षातही जीव परमेश्वर होत नाही. त्याला परमेश्वराचा आनंद मिळतो, एवढेच. इतके कडक द्वैत मराठीत दुसरे सापडणार नाही. पण स्त्रिया आणि शूद्रांना संन्यास देणारा आणि विटाळ न मानणारा पंथ हाच. ‘धवळे’ रचणारी महदाइसा याच परिवारातली. हा योगायोग नसावा. परमेश्वर सर्वांपासून सारखाच दूर असेल, तर जन्माने त्याच्या जवळचा असा कुणी उरतच नाही, आणि पुरोहिताचा मान मग कशावर टिकणार?

यावर वीरशैवांचे उदाहरण पुढे येईल. परळी ते कपिलधार या पट्ट्यात, सोनपेठच्या आसपासही, लिंगायत वस्ती जुनी आहे. कपिलधारला समाधी असलेल्या मन्मथस्वामींचे ‘परमरहस्य’ मराठी लिंगायतांचा मुख्य ग्रंथ आहे. या पंथाचे शक्तिविशिष्टाद्वैत षट्स्थलांच्या शेवटच्या पायरीवर, ऐक्यस्थलात, अंग (जीव) आणि लिंग (शिव) यांचे सामरस्य सांगते. म्हणजे ऐक्य आहे. स्त्रियांना दीक्षाही आहे आणि सुतकाला नकारही. मग ऐक्यातून समता निघालीच ना? मला तसे वाटत नाही. इथली समता इष्टलिंगाच्या दीक्षेतून आली. ज्याच्या अंगावर लिंग तो शुद्ध, असा तो नियम आहे आणि तो पहिल्या पायरीपासून लागू होतो. ऐक्य फार पुढचे. दुसरे असे की लिंगायत मृताला पुरतात आणि महानुभावही पुरतात. सिद्धान्तात एकमेकांपासून इतके लांब असलेले दोन पंथ, आणि रीत एक. रीत सिद्धान्तातून नव्हे, दीक्षेच्या शिस्तीतून घडते, हे यावरून दिसते. ती शिस्त सैल झाली तेव्हा दोन्हीकडे जाती परतल्या, हेही नोंदवायला हवे.

पैठणचे एकनाथ हा सगळ्यात वजनदार आक्षेप. अद्वैती असून अस्पृश्यांच्या घरी जेवले, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. पण तीच परंपरा हे वर्तन अपवादात्मक म्हणून सांगते आणि त्यापायी त्यांना झालेला छळही सांगते. त्यांच्याभोवतीचे वेदान्ती पंडित तेच अद्वैत शिकत होते. फरक पडला तो नाथांच्या करुणेमुळे. विवेकानंदांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अद्वैतातून समाजधर्म काढला खरा, पण त्यासाठी त्यांना व्यवहाराची पातळी खरी मानून तिला जाब विचारावा लागला.

राहिल्या गंगाखेडच्या जनाबाई. त्यांच्या अभंगांत विठ्ठल जात्यावर बसतो, शेणी वेचतो. देव इतका जवळ आला की वेगळे काही उरत नाही. हे अद्वैत जनाबाईंना परमार्थापुरते ठेवायचे नव्हते, कारण त्यांचा परमार्थ दळण-कांडणातच होता. म्हणून त्यांनी ब्रह्मालाच व्यवहारात राबवले. पण देवाने शेणी वेचल्या तरी जनाबाईंचे दासीपण फिटले नाही: त्यांचे अभंग नामदेवांच्या गाथेत जपले गेले आणि त्यांखालची सही नामदेवांची दासी म्हणूनच आहे.