‘पॅरिश’ : एका शब्दाचे मूळ घर

इंग्रजी भाषेतील काही शब्द आपल्या बोलण्यात इतके रुळले आहेत की, ते परके आहेत याचे भानही आपणांस राहत नाही. ‘पॅरिश’ हा असाच एक शब्द. ‘तुमची पॅरिश कोणती?’ हा प्रश्न आपल्या समाजात गावाचे नाव विचारावे तितक्या सहजपणे विचारला जातो. मराठीत आपण त्यासाठी ‘धर्मग्राम’ असा सुरेख प्रतिशब्द योजला आहे. पॅरिश म्हटले की चर्चची घंटा, दफनभूमी, सणाची मिरवणूक आणि जुन्या नोंदवह्यांतील वाडवडिलांची नावे डोळ्यांपुढे उभी राहतात. पॅरिश म्हणजे आपले, पिढ्यान्‌पिढ्यांचे, हक्काचे ठिकाण. परंतु या शब्दाचे मूळ शोधू गेल्यास मात्र निराळाच अर्थ हाती लागतो.

इंग्रजीत हा शब्द फ्रेंचमधून आला, फ्रेंचमध्ये लॅटिन ‘पारोकिया’वरून, आणि लॅटिनने तो ग्रीक ‘पारोइकिया’वरून घेतला. ‘पारा’ म्हणजे जवळ, बाजूला आणि ‘ओइकोस’ म्हणजे घर. प्राचीन ग्रीक नगरांत जो मनुष्य बाहेरून येऊन वस्ती करी, घराशेजारी घर करून राही, परंतु ज्याला नागरिकाचे हक्क नसत, त्याला ‘पारोइकोस’ म्हणत. त्याच्या त्या उपऱ्या वास्तव्याचे नाव ‘पारोइकिया’.

जुन्या कराराचे ग्रीक भाषांतर झाले तेव्हा हा शब्द पवित्र ग्रंथात आला. सारा मरण पावली तेव्हा तिला पुरण्यापुरतीही जमीन अब्राहामाच्या मालकीची नव्हती. तेथील रहिवाशांपुढे उभे राहून तो स्वतःला परका म्हणवतो, तेथे हाच ‘पारोइकोस’ शब्द आहे. संत पेत्राच्या पहिल्या पत्रात तर ख्रिस्ती भाविकांनाच या नावाने संबोधले आहे आणि त्यांच्या इहलोकीच्या आयुष्याला ‘पारोइकिया’ म्हटले आहे. पहिल्या शतकाच्या अखेरीस रोमच्या मंडळीने करिंथच्या मंडळीला पत्र लिहिले, तेव्हा रोममध्ये परकेपणाने राहणारी देवाची मंडळी अशीच स्वतःची ओळख करून दिली. दुसऱ्या शतकात ठिकठिकाणच्या ख्रिस्ती मंडळ्यांना ‘पारोइकिया’ हे नाव रूढ होत गेले.

पुढे दिवस पालटले. 313 साली रोमन साम्राज्यात ख्रिस्ती धर्माला मोकळीक मिळाली, चर्चला जमीनजुमला व मानमरातब लाभला. परक्यांच्या वस्तीचे नाव आधी बिशपच्या अधिकारक्षेत्राला आणि कालांतराने एका धर्मगुरूकडे सोपविलेल्या क्षेत्राला चिकटले. ट्रेंटच्या धर्मसभेने 1563 साली अशा क्षेत्रांच्या सीमा निश्चित कराव्यात व प्रत्येकास स्वतःचा धर्मगुरू असावा, असे ठरविले. शिस्तीसाठी ते आवश्यकच होते. मात्र शब्दातला प्रवासी हळूहळू लोपला आणि कुंपण तेवढे उरले. याच मुळापासून इंग्रजीत ‘पॅरोकियल’ हे विशेषण झाले. प्रथम त्याचा अर्थ ‘पॅरिशसंबंधी’ एवढाच होता. एकोणिसाव्या शतकापासून ‘संकुचित दृष्टीचा’ या अर्थानेही ते वापरात आले. उपऱ्यांच्या नावातून कूपमंडूकाचे नाव निघावे, हा भाषेने आपणांस लावलेला बोलच म्हटला पाहिजे.

चर्चच्या कायद्याने मात्र मूळ अर्थ सर्वस्वी टाकलेला नाही. 1983 च्या विधिसंहितेत पॅरिशची व्याख्या करताना भूभागाला नव्हे, तर श्रद्धावंतांच्या समुदायाला अग्रस्थान दिले आहे. एखाद्या पॅरिशच्या हद्दीत तीन महिने वास्तव्य केलेला मनुष्य तेथील ठरतो. आणि ज्याला कोठेच ठावठिकाणा नाही, त्याचे काय? तो ज्या क्षणी जेथे असेल, तेथील धर्मगुरू हाच त्याचा हक्काचा धर्मगुरू, असे ही संहिता सांगते.

हे सारे चिंचणीच्या परिसरात बसून वाचताना अधिकच खरे वाटते. ही भूमी परक्यांना ओळखते. चिंचणीस 1955 च्या सुमारास सापडलेल्या ताम्रपटांपैकी एक शके 848, म्हणजे इ. स. 926 चा आहे. त्यात राष्ट्रकूटांच्या वतीने संजाण प्रांताचा कारभार पाहणाऱ्या ‘मधुमती’ नावाच्या अधिकाऱ्याचा उल्लेख आहे. हा ताजिक, म्हणजे अरब कुळातला; ‘मधुमती’ हे मुहम्मद या नावाचे संस्कृत रूप असावे, असे विद्वान मानतात. समुद्रापलीकडच्या या माणसाने लोकांसाठी विनामूल्य होड्या आणि अन्नछत्र चालविले. देवीच्या मठाला जमीन देण्यासही त्याने अनुमती दिली. उपरा आला आणि त्यानेच यजमानांना जेवू घातले!

त्यानंतर हजार वर्षांनी याच किनाऱ्यावर 1969 साली तारापूरचे अणुविद्युत केंद्र सुरू झाले, औद्योगिक वसाहत वाढली, आणि परप्रांतांतून कामगार आले. केंद्राच्या विस्तारासाठी अक्करपट्टी व पोफरण येथील कुटुंबांना मात्र आपली घरे सोडावी लागली. डहाणू-तलासरीचा आदिवासी बांधव पावसाळा सरला की वीटभट्टीवर वा गुजरातच्या मच्छीमार बोटींवर ‘जगायला’ जातो. कोणी येथे येऊन परका होतो, कोणी येथून जाऊन. ग्रीकांच्या भाषेत हे सारेच ‘पारोइकोस’.

म्हणून वाचकहो, मिस्सेला मागच्या बाकावर बसणारे, आपली भाषा नीट न येणारे, भाड्याच्या खोलीत राहणारे कुटुंब ‘आपल्या पॅरिशचे नाही’ असे म्हणण्यापूर्वी आपण क्षणभर थांबावे. कौटुंबिक नोंदपत्रात त्यांचे नाव नसेल. परंतु शब्दाच्या मूळ अर्थाने पाहता पॅरिश त्यांचीच आहे आणि त्यांच्यामुळे ती आपली आहे. पुनरुत्थानाच्या दिवशी अम्माऊसच्या वाटेवर दोन शिष्यांना एक सोबती भेटला. यरुशलेमेत उतरलेला परका तूच का, असे त्यांनी त्याला विचारले, तेव्हा संत लूकने योजलेले क्रियापद याच शब्दकुळातले आहे. त्या परक्याला शिष्यांनी आग्रहाने घरात घेतले, भाकर मोडली गेली आणि त्यांचे डोळे उघडले. त्यांनी त्याला वाटेवरूनच निरोप दिला असता, तर तो कोण होता हे त्यांना त्या संध्याकाळी कळले नसते.