घड्याळाची वेळ आणि हरणांची वेळ

आटगाव (ता. शहापूर) येथून कसारा लोकल पकडून मुंबईस कामावर जाणाऱ्यांचे घड्याळ बारमाही एकच असते. सूर्य मात्र जूनच्या प्रारंभी सहाच्या सुमारास, तर जानेवारीत सव्वासातच्या आसपास उगवतो. जवळच्या तानसा अभयारण्यातील भेकर व चितळ उजाडताना आणि तिन्हीसांजेला चरावयास बाहेर पडतात, ते सूर्य पाहून.

अमेरिकेत नेमका इथेच पेच पडतो. तेथील बहुतेक राज्यांत 2007 पासून मार्चमध्ये घड्याळे तासभर पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे केली जातात. हरणांच्या शिकारीची मुभा मात्र अनेक राज्यांत सूर्योदय-सूर्यास्तावर ठरते. उत्तरेकडील राज्यांत त्या दिवसांत पाचला कचेरी सुटेपर्यंत अंधारू लागते. नोकरदार शिकाऱ्यास उरते ती पहाट, नाहीतर शनिवार-रविवार.

आपल्याकडे हा प्रयोग महायुद्धात झाला. 1 सप्टेंबर 1942 ते 15 ऑक्टोबर 1945 या काळात भारतीय प्रमाणवेळ तासभर पुढे होती. मुंबईकरांना तर 1906 मध्ये आलेली प्रमाणवेळच रुचली नव्हती. तिच्याहून 39 मिनिटे मागे असलेला 'बॉम्बे टाइम' महापालिकेने पुढे कित्येक वर्षे जपला. हट्टच म्हणायचा!

शिकारीपुरता हा हिशेब आता आटगाव परिसरात उरलेला नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात परवान्याची वाट होती, ती 1991 च्या दुरुस्तीने बंद झाली. अभयारण्यात शिकार केल्यास किमान 3 आणि कमाल 7 वर्षे कैद व दंड होतो.