देशाला नांव देणारा वृक्ष

एखाद्या देशानें वृक्षाचें नांव धारण करावें आणि पुढें त्याच देशांत तो वृक्ष दुर्मिळ व्हावा, असें इतिहासांत क्वचितच घडतें. ब्राझील देशाची कथा मात्र अशी आहे.

आपल्याकडे ‘पतंग’ म्हणून ओळखलें जाणारें, तांबडा रंग देणारें लांकूड मध्ययुगांत पूर्वेकडून युरोपांत जात असे. तेथें त्याला ‘ब्राझील’ म्हणत. इ. स. १५०० मध्यें पोर्तुगीज सरदार काब्राल १३ गलबतें घेऊन हिंदुस्थानाकडे निघाला असतां, २२ एप्रिल रोजीं त्याला दक्षिण अमेरिकेचा किनारा दिसला. तेथील पर्जन्यारण्यांत तसाच रंग देणारा एक कांटेरी वृक्ष विपुल होता. जुन्या लांकडाचें नांव नव्या वृक्षाला मिळालें, आणि वृक्षाचें देशाला.

तेथील तूपी लोक झाडें तोडून ओंडके किनाऱ्यावर आणीत. मोबदल्यांत त्यांना कुऱ्हाडी, चाकू, आरसे मिळत. लोखंडी कुऱ्हाड हातीं येतांच तोडीला वेग आला. अखेर १६०५ मध्यें राजाज्ञा निघाली, कीं परवान्यावांचून हा वृक्ष तोडणारास देहान्त शासन होईल. परंतु या कायद्याला मुख्यत्वें राजाचा खजिना राखावयाचा होता. परवान्याची तोड चालूच राहिली, चोरटा व्यापारहि थांबला नाहीं. शिवाय ऊंस आणि पुढें कॉफी यांच्या लागवडीसाठीं अरण्यच साफ होत गेलें.

एकोणिसाव्या शतकांत कृत्रिम रंग आल्यावर ही मागणी ओसरली. पण तत्पूर्वींच पॅरिसच्या फ्रान्स्वा तूर्त या कारागिरानें व्हायोलिनच्या गजासाठीं हें लांकूड रूढ केलें होतें. ताठपणा आणि लवचिकपणा यांचा असा मेळ अन्य लांकडांत क्वचितच आढळतो. गजाला लांकूड थोडेंच लागतें. परंतु तें प्रौढ झाडाच्या निर्दोष गाभ्याचें असावें लागतें, आणि घडवितांना पुष्कळसें वायां जातें.

१९७८ मध्यें ब्राझीलनें यास राष्ट्रीय वृक्ष ठरविलें. २००७ मध्यें त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले. गज घडविणाऱ्या कारागिरांनींहि रोपें लावण्यास साहाय्य केलें. तथापि रोपाचा गाभा भरण्यास कित्येक दशकें जावीं लागतात, आणि उद्यानांत लावलेलीं झाडें म्हणजे अरण्य नव्हे. किनाऱ्यावरील मूळ अरण्याचे जे तुकडे उरले आहेत, त्यांतच हा वृक्ष आपणहून रुजतो. ते राखल्यावांचून त्याचें रक्षण पुरें होणार नाहीं.