ओव्हरऑइलिंग

माणसाचं वय झालं की त्याला दोन नोटिसा येतात. एक दातांची आणि दुसरी सोसायटीची. दातांचं प्रकरण मी कवळी बसवून मागेच मिटवलं होतं. पण परवा सोसायटीची नोटीस लागली, "इमारतीचा पुनर्विकास होणार असल्याने जिन्याखालील सर्व भंगार आठ दिवसांत हलवावे." आता आमच्या जिन्याखाली जुन्या अशा दोनच वस्तू. एक वडिलांची सायकल आणि दुसरा, संध्याकाळी तिथे खुर्ची टाकून पेपर वाचणारा मी. नोटीस नेमकी कोणाला उद्देशून आहे हे सेक्रेटरींना विचारण्याचं धाडस मला झालं नाही. सायकललाच आहे असं धरून मी भंगारवाल्याला बोलावलं.

त्याने सायकलकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने मला फक्त विमा कंपनीचे डॉक्टर पाहतात. सीटचं चामडं पापडासारखं वाळलेलं, टायरला भेगा, चेनकव्हरमध्ये पालीचं बिऱ्हाड. "वजनावर जाईल," असं म्हणत त्याने हँडल धरून ती उचलली, तेव्हा त्याचा अंगठा घंटीवर पडला. घंटी वाजली नाही, नुसती खरखरली. वडील शेवटच्या दुखण्यात हाक मारायचे, ती साधारण याच सुरात. "नाही द्यायची," मी म्हणालो.

"या वयात सायकल चालवणार?" सौभाग्यवतींनी विचारलं.

"चालवणार नाही, दुरुस्त करणार."

"मग स्वयंपाकघरातला नळ करा. सहा महिने गळतोय."

"करतो," मी म्हणालो आणि सायकल ढकलत बाहेर पडलो.

पुण्यात सायकल दुरुस्त करणं असा प्रकार नसतो. पुण्यात सायकलचं 'ओव्हरऑइलिंग' होतं. मूळ इंग्रजी शब्द ओव्हरहॉलिंग. पण आमच्या दुकानदारांना तेलाचा काहीच उल्लेख नसलेला शब्द अपुरा वाटला असावा. कोपऱ्यावरच्या मिस्त्रीने सायकल उलटी केली, आरे मोजले, कपाळावर बोट ठेवलं. "काका, एवढ्या पैशांत नवी येईल."

"मी शेजारी बसून स्वतः काम करणार आहे," मी म्हटलं.

"बसा. पण छर्रे मोजून देईन आणि मोजून परत घेईन."

माझं पहिलं काम पेडल काढण्याचं. उजवं निघालं. डाव्याला पाना लावून मी अर्धा तास लटकलो, बनियन भिजलं, पेडल तसूभर हललं नाही. मिस्त्री चहा संपेपर्यंत थांबला आणि मग म्हणाला, "काका, तुम्ही घट्ट करताय. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात." पाय मारताना डावं पेडल सुटून येऊ नये, म्हणून ही उलटी योजना. पायाखाली इतकी वर्षं ही अक्कल फिरत होती आणि मला तिचा पत्ता नव्हता. म्हणून मग रात्री पुस्तकं काढून बसलो, आणि दिवसा मिस्त्री जे सुटं करी, त्याचा कुळवृत्तांत रात्री शोधू लागलो.

हे खानदान १८१७ सालचं. जर्मनीतल्या मॅनहाइमचा कार्ल द्राइस हा वनखात्यातला अधिकारी. त्याने दोन लाकडी चाकं एका दांड्याला लावली, वर बसला आणि जमिनीवर पाय मारत निघाला. पेडल नाही, चेन नाही. थोडक्यात, माणूस पळायचाच, फक्त बसून पळायचा. पुढे १८६०च्या दशकात पॅरिसमध्ये पुढच्या चाकालाच पेडलं बसली. त्या वाहनाला इंग्रजांनी नाव दिलं 'हाडं खिळखिळी करणारं'. मग वेग हवा म्हणून पुढचं चाक वाढत वाढत इतकं मोठं झालं की स्वार उंटावर बसल्यासारखा दिसे, आणि पडला तर उंटावरून पडल्यासारखा पडे. अखेर १८८५ साली कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्लीने दोन जवळपास सारखी चाकं, मधे पेडलं आणि मागच्या चाकाला चेन अशी 'रोव्हर' सायकल आणली. आजही कोणत्याही सायकलच्या अंगावरचे रंगीत कपडे उतरवा, आत स्टार्लीचीच सायकल सापडेल.

टायरची कथा तर घरगुती आहे. बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप नावाचे जनावरांचे डॉक्टर होते. पोराच्या तीनचाकीला दगडी रस्त्यावर हिसके बसतात म्हणून त्यांनी रबरी नळीत हवा भरून ती चाकांना गुंडाळली, आणि १८८८ साली पेटंट घेतलं. नंतर कळलं की थॉमसन नावाच्या एका स्कॉटिश माणसाने तेच पेटंट चाळीसएक वर्षं आधी घेऊन ठेवलं होतं! डनलॉपचं पेटंट रद्द झालं, नाव राहिलं. त्याच १८८८ साली आपल्या बेळगावात किर्लोस्कर बंधूंचं सायकलचं दुकान सुरू झालं. लोखंडी नांगर, किर्लोस्करवाडी हे सगळं त्या दुकानामागून आलं. तिकडे अमेरिकेतले राइट बंधूही सायकलवालेच. १९०३ साली उडालेल्या त्यांच्या विमानाचे पंखे फिरत होते ते चेनवरच. जंगलखात्यातला साहेब, ढोरांचा डॉक्टर, बेळगावचा दुकानदार. या यंत्राचा इतिहास राजेमहाराजांनी नाही, तर पाना हातात घेऊन फुटपाथवर बसणाऱ्यांनी घडवला. तिसऱ्या दिवशी मीही फुटपाथवर बसलो होतो, तेव्हा थोडी छाती फुगली.

चेनकव्हर काढल्यावर दातेरी चकतीत तीन बगळ्यांची डोकी निघाली. बगळा हे नॉटिंगहॅमच्या रॅलेचं चिन्ह. वडिलांनी ही सायकल १९५६ साली कोणाकडून तरी जुनीच घेतली होती. हँडलखाली कर भरल्याचा पत्र्याचा बिल्लाही निघाला. तो नसला की दंड होई. रात्री दिवा नसला तर दंड, डबलसीट घेतलं तर दंड. वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कारकून. सकाळी त्या दिशेने सायकलींचा जो लोंढा निघे, त्यातलेच एक.

चौथ्या दिवशी मिस्त्रीने सांगाडा उलटा करून हातोडीने ठोकला, आणि नळीतून मूठभर वाळकी माती पडली.

"कुंभारमाशीचं घर असेल," तो म्हणाला.

मी काही बोललो नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचं धरण फुटलं तेव्हा आम्ही नारायण पेठेतल्या एका वाड्यात राहत होतो. मी सात वर्षांचा. वडिलांनी मला खांद्यावर घेतलं, आईने ट्रंक घेतली आणि आम्ही पर्वतीच्या दिशेने पळालो. सायकल ओसरीच्या खांबाला साखळीने बांधलेली राहिली. परत आलो तेव्हा मागची भिंत नव्हती, धान्य, गाद्या, वडिलांची पुस्तकं यांचा एकच चिखल झाला होता. सायकल मात्र खांबाला धरून उभी होती. नळ कोरडे होते. वडिलांनी लांबून विहिरीचं पाणी आणलं, सायकल धुतली, रॉकेलच्या डबड्यात एकेक छर्रा बुचकळला. आई चिडली, "घर पडलंय आणि तुम्ही सायकल काय पुसताय!" ते काही बोलले नाहीत. तेवढी एकच गोष्ट त्या घरात दुरुस्त होण्यासारखी उरली होती, हे मला आत्ता, सांगाड्याशेजारी बसून कळलं.

पुराने जी गेली नाही, ती माझ्यामुळे जिन्याखाली गेली. नंबर लावून आठ वर्षांनी, १९८३ साली, मला स्कूटर मिळाली. वडील म्हणाले, "माझे गुडघे बरे झाले की चालवीन. सायकल तेवढी ओव्हरऑइलिंग करून आण."

"आणतो," मी म्हणालो. १९९१ साली ते गेले, तेव्हाही मी 'आणतो'वरच होतो.

सहाव्या दिवशी मिस्त्रीने चाकांचा आऊट काढला, नवे टायर चढवले, छर्रे मोजून मिटवले. एक जास्तच भरला! तो कुठला, हे आम्हा दोघांनाही कळलं नाही. टांग मारून बसणं आता शक्य नव्हतं. फुटपाथच्या कडेला लावून बसलो आणि चौकापर्यंत जाऊन आलो. वाटेत एकही माणूस आडवा नसताना तीनदा घंटी वाजवली. गेटपाशी सेक्रेटरी म्हणाले, "वा! असली ठेवा की पार्किंगमध्ये, शोभा आहे." आठ दिवसांपूर्वी हीच शोभा भंगार होती.

घरात आलो तर नळ गळतच होता. सौभाग्यवती काही बोलायच्या आत मी 'करतो' म्हणणार होतो. पण तो शब्द किती वर्षं गंजत पडू शकतो हे आता मला ठाऊक आहे. मुकाट्याने पाना घेऊन ओट्याशी गेलो. आधी फक्त, आटे सुलटे आहेत की उलटे, तेवढं वाकून पाहिलं.