प्रकाश पकडण्याआधीची तयारी

ध्रुवीय प्रकाशाच्या छायाचित्रणाचा इतिहास सहसा काचपट्ट्या आणि भिंगांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. नॉर्वेतील घटनाक्रम मात्र वेगळे सुचवतो. 1882-83च्या हिवाळ्यात सोफुस ट्रॉमहोल्ट यांनी काउटोकेइनो येथे केलेले प्रयत्न फसले आणि त्यांना रेखाटनांवर भागवावे लागले. 1892मध्ये मार्टिन ब्रेन्डेल यांनी बोसेकॉप येथे पहिली ओळखता येण्याजोगी छायाचित्रे घेतली. ती अंधूक होती. प्रकाश दिसला, पण तो किती उंचीवर आहे हे एकट्या चित्रावरून कळणे शक्य नव्हते.

ते उत्तर कार्ल स्टॉर्मर यांनी 1910मध्ये तिथेच शोधले. काही किलोमीटर अंतरावर दोन कॅमेरे ठेवले, मधे टेलिफोनची तार जोडली. दोन्हीकडे कॅमेरा त्याच ताऱ्यांकडे रोखायचा आणि इशारा मिळताच एकाच क्षणी चित्र घ्यायचे, असे ठरले. ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर प्रकाशाची जागा दोन चित्रांत किती सरकली, यावरून उंची काढता आली. प्रकाशाची खालची कड साधारण 100 किलोमीटरवर असते, हे अशा मोजणीतून पक्के झाले. कोणी म्हणेल, वेगवान भिंगे नसती तर ही तयारी व्यर्थच गेली असती. ते खरे आहे. क्षणोक्षणी हलणारा प्रकाश मंद भिंगात पुसटच उमटतो. पण भिंगाने फक्त चित्र स्पष्ट केले. त्या चित्राचा पुरावा झाला तो आधी आखलेल्या जागा, टेलिफोनची तार आणि ठरवलेले तारे यांमुळे.