कुलूप शाबूत, पण वेळ फितूर

शिरूर तालुक्यातल्या केंदूर गावी एखाद्या किराणा दुकानात आपण गेलो आणि विचारले, “शेठ, केशर आहे का?” शेठ मान वर न करताच म्हणाले, “नाही.” दुसऱ्या दिवशी खोबरे मागितले. शेठ उठले, आतल्या खोलीत गेले, डबे हलवले, परत आले आणि म्हणाले, “नाही.” उत्तर दोन्ही दिवशी एकच. पण आपल्याला कळायचे ते कळले. केशर ते ठेवतच नाहीत. खोबरे ठेवतात, आज संपले आहे. तोंडाने सांगितले नाही ते लागलेल्या वेळाने सांगितले.

संगणकावरच्या गुप्त लेखनाच्या इतिहासात गेल्या तीस वर्षांत एक मोठे प्रकरण घडले, ते याच गोष्टीवरून.

आज दुधाचे पैसे बँकेत जमा होतात, मुलांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज मोबाइलवरून जातात. हा मजकूर तारांतून आणि हवेतून जाताना वाटेत कुणी वाचू नये म्हणून तो कुलूपबंद करून पाठवतात. ही पद्धत नेटस्केप या अमेरिकी कंपनीने 1995 च्या सुमारास प्रचारात आणली. 1999 मध्ये तिला टीएलएस हे नाव मिळाले. कुलूप लावण्याचे आणि उघडण्याचे काम करणारी एक फुकट मिळणारी आज्ञावली आहे, तिचे नाव ओपनएसएसएल. जगातले असंख्य संगणक तिच्यावर विसंबून असतात.

कुलपाचे गणित पक्के होते. मग घोटाळा कुठे झाला?

1996 साली पॉल कोचर या अमेरिकी तज्ज्ञाने एक निबंध लिहिला. किल्ली वापरताना संगणकाला कधी थोडा जास्त, कधी थोडा कमी वेळ लागतो. तो मोजत गेले तर किल्लीच हाती लागते, असे त्याने दाखवले. शिक्षकांना हे वर्गात सहज करून दाखवता येईल. एका मुलाने मनात चार आकडी संख्या धरावी. दुसऱ्याने ती ओळखावी. सरळ अंदाज करत गेले तर 10,000 पर्यंत प्रयत्न लागतील. पण पहिला मुलगा एकेक आकडा मनात टाळी वाजवून तपासत असेल आणि चूक सापडताच “नाही” म्हणत असेल, तर? पहिलाच आकडा चुकला तर “नाही” लगेच येते. पहिला बरोबर असला तर एका टाळीइतके उशिरा. म्हणजे प्रत्येक आकड्याला फार तर दहा प्रयत्न. चार आकड्यांना चाळीस. दहा हजारांचे चाळिसावर आले! आणि त्या बिचाऱ्याने “नाही” खेरीज एक शब्द उच्चारलेला नाही.

प्रथम लोकांना वाटले, हे यंत्र हातात असेल तरच साधेल. दूरच्या संगणकाचा इतका बारीक वेळ कोण मोजणार? 2003 साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या डेव्हिड ब्रम्ली आणि डॅन बोने यांनी जाळ्यातून दुसऱ्या संगणकाची गुप्त किल्ली खरोखरच काढून दाखवली. ओपनएसएसएलवाल्यांनी ठिगळ लावले: हिशेब करण्यापूर्वी एका यादृच्छिक संख्येने गुणायचे, म्हणजे वेळेचा किल्लीशी मेळ बसत नाही.

त्याच वर्षी दुसरे भोक दिसले, आणि ते आपल्या शेठजींच्या खोबऱ्याचेच. मजकूर कुलूपबंद करताना त्याचे सारख्या मापाचे तुकडे करतात. शेवटचा तुकडा अपुरा पडला तर पोत्यात भुसा भरावा तशी भर घालतात. शिवाय मजकुरावर एक मोहोर असते, कुणी फेरफार केला का ते ओळखण्यासाठी. मजकूर घेणारा संगणक आधी भर तपासे. भर चुकली की लगेच “नाही”. भर बरोबर असली तर मोहोर तपासून मग “नाही”. स्वित्झर्लंडमधल्या लोझान येथील सर्ज वोदने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही दोन “नाही” वेळेवरून वेगळी ओळखली. वाटेत मजकूर थोडा थोडा बदलून पाठवायचा आणि नकाराला लागणारा वेळ मोजायचा. या रीतीने त्यांनी टपालाच्या आज्ञावलीचा गुप्त शब्द तासाभराच्या आत काढला.

यावर उपाय सोपा वाटतो. भर चुकलेली असली तरी मोहोर तपासायचीच. खोबरे नाही हे ठाऊक असले तरी आत जाऊन यायचे. पण चुकीची भर असलेल्या मजकुराची लांबी किती धरायची? तिथे एक बारीकशी फट उरली. 2006 साली टीएलएसचे जे नवे नियम निघाले, त्यांत ती फट प्रामाणिकपणे नोंदलेली आहे. मात्र तिचा कुणाला उपयोग होईल असे वाटत नाही, असाही शेरा आहे. शहाण्या माणसांचा हा शेरा सात वर्षे टिकला.

2013 च्या फेब्रुवारीत लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलोवे संस्थेतील नदीम अलफर्दान आणि केनी पॅटरसन यांनी त्याच फटीतून हात घातला. एका सेकंदाचे दहा लाख भाग केले तर त्यातल्या एका भागाहूनही हा फरक लहान. पण तो पुन्हा पुन्हा मोजून त्यांनी गोंगाटातून वेचून काढला. प्रत्येक मजकुराच्या हिशेबात धरल्या जाणाऱ्या तेरा अक्षरांमुळे हे जमले, म्हणून त्यांनी या हल्ल्याचे नाव ‘लकी थर्टीन’, म्हणजे भाग्याचे तेरा, असे ठेवले. त्यांच्याकडे तेरा अशुभ मानतात, म्हणून ही थट्टा.

ओपनएसएसएलने 5 फेब्रुवारीला ठिगळ लावले. ते नीट बसले नाही. 11 फेब्रुवारीला पुन्हा शिवावे लागले. भर कशीही असो, काम तेवढेच झाले पाहिजे, असे लिहायचे म्हणजे “अमुक असेल तर तमुक कर” हे संगणकाला सांगण्याची नेहमीची रीतच सोडावी लागते. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला पहिल्या दिवसापासून शिकवलेले असते, की नको ते काम टाळ, वेळ वाचव. इथे मुद्दाम वेळ घालवायचा! आणि हे शिवणकाम करणारी मंडळी होती मूठभर. त्या काळी त्यांना वर्षाकाठी मिळणाऱ्या देणग्या सुमारे 2,000 डॉलर. 

महाराष्ट्राचाही या विद्येत वाटा आहे. 2016 साली मुंबईत पवई येथील आयआयटीतल्या अशोककुमार सी., रविप्रकाश गिरी आणि बर्नार्ड मेनेझिस यांनी अशाच जातीचा शोध प्रसिद्ध केला. एईएस नावाचे कुलूप लावताना संगणक काही तक्ते पुन्हा पुन्हा पाहतो. नुकता पाहिलेला तक्ता हाताशी असतो, तो चटकन मिळतो. न पाहिलेला दुरून आणावा लागतो. त्याच संगणकावर बसलेल्या हेराने हा फरक मोजला तर एईएसची किल्ली भराभर कशी काढता येते, हे त्यांनी दाखवले. यावरचा उतारा म्हणजे तक्तेच न वापरणे. नव्या संगणकांत एईएससाठी यंत्रातच वेगळी सोय असते.

आणि गंमत पाहा. 2016 सालीच युराय सोमोरोव्स्की या संशोधकाला ओपनएसएसएलमध्ये नवे भोक सापडले, ते नेमके ही यंत्रातली सोय वापरणाऱ्या भागात; आणि ते पडले होते 2013 चे ठिगळ लावताना! वेळ सारखा ठेवण्याच्या खटपटीत भरीची एक तपासणी राहून गेली होती. 3 मे रोजी तेही शिवले.

अखेर 2018 च्या ऑगस्टमध्ये टीएलएसची नवी, तेरा अंकाचीच म्हणा ना, 1.3 ही आवृत्ती निघाली. तिच्यात आधी मोहोर लावून मग भर घालण्याची ती जुनी रीत समूळ काढून टाकली आहे. वाकळ टाकून नवे कापड घेतले. 2021 च्या मार्चमध्ये 1.0 आणि 1.1 या जुन्या आवृत्त्या वापरू नयेत असे नियम करणाऱ्या मंडळाने जाहीर केले. 1.2 मात्र पुष्कळ ठिकाणी चालू आहे आणि तिच्यात जुनी रीत निवडण्याची मुभाही आहे. त्यामुळे जिथे ती रीत निवडली जाते, तिथल्या संगणकाला आजही प्रत्येक वेळी आतल्या खोलीत जाऊन, डबे हलवून, मगच “नाही” म्हणावे लागते.