ध्रुवीय संशोधनात शाळकरी मुलांचे काय काम?

ध्रुवीय संशोधन म्हटले की बर्फ फोडत जाणारी जहाजे आणि जाड कपड्यांतले शास्त्रज्ञ डोळ्यांसमोर येतात. अलास्कात मात्र या संशोधनासाठी लागणारी काही मोजमापे शाळकरी मुले घेतात, तीही शाळेच्या आवारात.

पर्माफ्रॉस्ट म्हणजे काय?
सलग किमान २ वर्षे ० अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी तापमानात राहिलेली जमीन म्हणजे पर्माफ्रॉस्ट. तिच्यावरचा थर उन्हाळ्यात वितळतो आणि हिवाळ्यात पुन्हा गोठतो. तो पुरता गोठेनासा झाला, तर खालची जमीनही वितळू लागते. मग घरे कलतात, रस्ते खचतात. वितळती जमीन आणि नदीने होणारी धूप यांमुळे न्यूटॉक या गावावर दुसरीकडे वसण्याची वेळ आली. तिथली पहिली कुटुंबे २०१९ मध्ये मर्टार्विकला राहायला गेली.

मुले काय मोजतात?
जमीन किती खोलवर गोठली, हे. त्यासाठी 'फ्रॉस्ट ट्यूब' हे साधे उपकरण वापरतात. थंडी पडण्याआधी जमिनीत एक पाइप पुरतात आणि त्यात रंगीत पाण्याने भरलेली पारदर्शक नळी सोडतात. पाणी गोठताना रंग बाहेर ढकलला जातो, त्यामुळे बर्फ रंगहीन दिसतो. मुले ठरावीक दिवशी नळी वर काढतात आणि जमिनीच्या पातळीपासून रंगहीन भाग कुठवर आला, ते मोजतात. सोबत वर साचलेल्या बर्फाची जाडीही लिहितात. कारण भुसभुशीत बर्फ गोधडीसारखे काम करतो. त्याचा थर जाड असेल, तर खालची जमीन कमी गोठते.

हे काम मुलांकडेच का?
बाहेरून आलेला शास्त्रज्ञ गावात थोडे दिवस राहतो, मुले मात्र संपूर्ण हिवाळा तिथेच असतात. म्हणूनच अलास्का विद्यापीठाचे केंजी योशिकावा यांनी गावोगाव फिरून शाळांजवळ जमिनीचे तापमान मोजणारी उपकरणे बसवली. १९९५ मध्ये सुरू झालेल्या 'ग्लोब' या आंतरराष्ट्रीय उपक्रमातही फ्रॉस्ट ट्यूबची पद्धत आहे.

शाळेतल्या प्रयोगाचे उत्तर पुस्तकात आधीच छापलेले असते. इथे ते कुणालाच माहीत नसते आणि चुकलेला आठवडा नंतर भरून काढता येत नाही. नळीत काहीच गोठलेले नसेल, तर शून्य लिहायचे. तीही नोंदच असते.